झाकणावरचे नाव

दिवाळीच्या फराळाचे डबे फडताळात लागले, की आमच्या घरी दरवर्षी एकच तंटा होतो. चकलीच्या डब्यात हात घालावा तो शंकरपाळे हाताला लागतात, आणि शेवेच्या डब्यात अनारसे सापडतात. माझ्या सासूबाई डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात हे खरे. पण त्या चिकटवतात झाकणावर! डबे एकाच मापाचे, झाकणेही एकाच मापाची. घासताना, पुसताना, पाहुण्यांच्या गर्दीत झाकणे एकमेकांशी बदलतात आणि चिठ्ठी खोटे बोलू लागते. "चिठ्ठी डब्याच्या अंगावर चिकटवावी, झाकणावर नव्हे," एवढे साधे शहाणपण आमच्या घरात यावयास तीन दिवाळ्या लागल्या. तेव्हा संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिम रचणाऱ्या विद्वानांना ते यावयास पन्नास वर्षे पुरली नाहीत, याचे मी आश्चर्य करू नये, असे आमचे हे म्हणतात. मी मात्र आश्चर्य करते. नुसते आश्चर्य करीत नाही, मला त्याचा राग आहे. आणि तो राग वाचकांच्या पुढे, ऐन सणाच्या दिवसांत, मांडावयाचे मी ठरविले आहे.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार काही नाही. मी मॅट्रिक शिकलेली बाई. शाळेत चित्रकला शिकवते, सुटीत कादंबऱ्या लिहिते. संगणकखोलीची किल्ली माझ्याकडे आली ती केवळ माझे अक्षर चांगले म्हणून. खोलीतल्या सूचना भिंतीवर लिहावयास कोणी तरी हवे होते. पण नाव कशाला द्यावे आणि आकडा कशाला द्यावा, हा प्रश्न यंत्रशाळेतल्या पदवीचा नाही. तो हजेरीपटाचा आहे, आणि हजेरीपट मी वीस वर्षे हाताळला आहे.

आधी झाले काय ते सांगते. शेजारच्या वाडीत एक आजी होत्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना शेकड्याने येत. माझ्या एका कादंबरीसाठी म्हणून मी त्यांच्याकडे जाऊ लागले, आणि कादंबरी बाजूलाच राहिली. दोन उन्हाळ्यांच्या सुट्या मी त्यांच्या ओटीवर बसून ध्वनिमुद्रण करीत होते. ते सारे मी एका बाहेरून जोडावयाच्या हार्डडिस्कवर साठविले होते. आजी त्यानंतरच्या पावसाळ्यात गेल्या. त्या डिस्कची दुसरी प्रत करावयाची राहून गेली होती. ही माझी चूक, आणि ती मी आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे कोणी ती मला शिकवावयास नको.

शाळेत वर्षातून एकदा सर्व संगणक नव्याने मांडावे लागतात. एका कोऱ्या डिस्कवर सगळी मांडणी उतरवावयाची आणि ती यंत्रायंत्रातून फिरवावयाची. त्याचे टिपण मीच लिहून भिंतीवर लावले होते. त्यात एक ओळ अशी होती : "यादीतून डिस्क १ निवडावी." यंत्राची स्वतःची डिस्क ०, जोडलेली कोरी डिस्क १. दोन वर्षे तसेच होत आले होते. त्या दिवशी सकाळी मी ओव्यांची डिस्क एका यंत्राला लावली आणि तासाची घंटा झाली म्हणून तशीच ठेवून वर्गावर गेले. नववीतला एक मुलगा मला या कामात मदत करीत असे. तो आला, त्याने कोरी डिस्क जोडली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि टिपणात लिहिल्याप्रमाणे डिस्क १ निवडली. त्या दिवशी डिस्क १ माझी होती. कोरी डिस्क २ झाली होती. यंत्राने विचारले, "नक्की ना?" त्याने म्हटले, "नक्की." त्याने नक्की न म्हणावयास कारण काय होते?

"बाई, तुम्ही लिहिलं होतं तेच केलं मी," एवढेच तो म्हणाला. मुख्याध्यापकांनी त्याला सर्वांदेखत बोल लावला आणि संगणकखोलीच्या वहीत त्याच्या नावापुढे 'निष्काळजी' असा शेरा मारला. शहरातल्या एका माणसाने ती डिस्क आठवडाभर ठेवून घेतली आणि दोन-तीन तुकडे काढून दिले. एकात आजींचा खोकला आहे आणि जात्याची घरघर आहे. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, कोणत्या कंपनीचे यंत्र, ते मी येथे सांगत नाही. एकीला फासावर देऊन बाकीच्यांना सोडावयाचे, हा माझा हेतू नाही. कारण दोष एकीचा नाही, साऱ्या कुळाचा आहे.

तर या कुळाचा इतिहास थोडक्यात पाहू.

गॅरी किल्डॉल या अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली सीपी/एम नावाची सिस्टिम लहान संगणकांसाठी रचली. तिच्यात फ्लॉपीच्या खाचांना ए, बी अशी अक्षरे होती. त्याआधी आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरही डिस्कना अक्षरे देण्याचा रिवाज होताच. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, त्यावर डॉस आली, आणि डॉसने ती अक्षरे उचलली. ए आणि बी या दोन जागा फ्लॉपीच्या, म्हणून पुढे हार्डडिस्क आली तेव्हा तिच्या वाट्याला सी आले. आज फ्लॉपी कोणाच्या घरी नाही. नव्या यंत्रात तिची खाचसुद्धा नाही. तरी विंडोजची मुख्य डिस्क अजून सी आहे. घरातली दोन वडील माणसे जाऊन वीस वर्षे झाली, पण त्यांचे पाट मांडून ठेवले आहेत, आणि धाकट्याला विचारले तर तो म्हणतो, "मी तिसरा!" यात मला राग नाही, थोडा जिव्हाळाच आहे. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

ज्या पीसीला फ्लॉपीची एकच खाच होती, त्यावर डॉस त्या एकाच खाचेला ए-ही म्हणे आणि बी-ही म्हणे. बी मागितली, की ती सांगे, आता बी-साठीची फ्लॉपी घाला. म्हणजे नाव खाचेचे की फ्लॉपीचे? दोघांचे नव्हे! नाव एका कल्पनेचे. आणि अक्षरे वाटण्याचा डॉसचा नियम तर अजब होता. आधी प्रत्येक डिस्कच्या मुख्य भागाला एकेक अक्षर, मग उरलेल्या पोटभागांना पुढची अक्षरे. तुमच्या एका डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग आहेत. तुम्ही हौसेने दुसरी डिस्क आणून बसविली. तिच्या मुख्य भागाने डी पटकावले, आणि तुमचा जुना डी मुकाट्याने ई झाला. पाहुणा आला म्हणून घरच्या मुलाचे नाव बदलावयाचे, हा न्याय कोणत्या गावचा? पुढच्या विंडोजने कोणते अक्षर कोणाला दिले ते लिहून ठेवावयास सुरुवात केली, हे तिच्या पदरी पुण्य. पण ते टिपण त्या एका यंत्रापुरते. पेनड्राइव्ह शाळेत ई, घरी जी, झेरॉक्सच्या दुकानात एच. आणि सारी अक्षरे मिळून २६.

दुसरे घराणे युनिक्सचे. बेल लॅबोरेटरीज या संस्थेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ सालापासून ते वाढविले. तेथे प्रत्येक उपकरण म्हणजे एक फाइल, आणि त्या साऱ्या फाइली एका खोलीत, जिचे नाव डेव्ह. कल्पना मोठी देखणी. याच वळणावर १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्स आरंभिली. तिच्यात जुन्या पद्धतीच्या डिस्कची नावे एचडीए, एचडीबी, एचडीसी अशी होती, आणि त्या नावाला अर्थ होता : पहिल्या केबलवरची पहिली, पहिल्या केबलवरची दुसरी, दुसऱ्या केबलवरची पहिली. एचडीबी काढून टाकली तरी एचडीसी ही एचडीसीच राही. बाकावरची जागा म्हणा ना! पण दुसऱ्या जातीच्या डिस्कना एसडीए, एसडीबी ही नावे मिळत ती सापडण्याच्या क्रमाने. आणि २००७ च्या सुमारास बहुतेक सगळ्याच डिस्क या दुसऱ्या पंक्तीला बसविण्यात आल्या. काल जी एचडीए होती ती आज एसडीए झाली, आणि ज्यांच्या टिपणांत जुने नाव होते त्यांची यंत्रे सुरूच होईनात. तेव्हापासून शहाणे लोक सांगू लागले, की एसडीए या नावावर विसंबू नका. मी म्हणते, ज्या नावावर विसंबावयाचे नाही ते नाव ठेवलेत कशाला?

येथे विद्वानांची बाजूही मांडली पाहिजे, नाही तर माझे बोलणे एकतर्फी होईल. ते म्हणतात, यंत्र सुरू होताना सर्व उपकरणांची चौकशी एकदमच चालते. एखादी डिस्क लवकर उत्तर देते, एखादी फिरू लागावयास वेळ घेते. एकेकीची वाट पाहत बसले तर यंत्र सुरू व्हावयास फार उशीर होईल. म्हणून जी आधी बोलली ती पहिली. हे कारण खरे आहे, आणि ते मला पटते. पण त्यावरून काय निघते? एवढेच, की येण्याचा क्रम ही एक घटना आहे. आज आपल्या वर्गात पहिला कोण आला ते मला फळ्यावर लिहिता येईल; पण जो पहिला आला त्याचे नाव 'एक' ठेवून त्याच्या प्रगतिपुस्तकात त्या नावाने गुण भरणारी बाई तुम्ही शाळेत ठेवाल काय?

जाळ्याला जोडणाऱ्या कार्डांचीही हीच कथा. लिनक्समध्ये त्यांना ईटीएच०, ईटीएच१ म्हणत. यंत्रात दोन कार्डे असली, एक घरातल्या बाजूचे आणि एक बाहेरच्या जगाकडचे, आणि सुरू होताना त्यांची अदलाबदल झाली, तर पहारेकऱ्याला दिलेला हुकूम उलटा होई : बाहेरच्याला आत घे आणि घरच्याला अडव. हा धोका ओळखून २०१३ साली सिस्टिमडी नावाच्या व्यवस्थेने नवी नावे आणली. ईएनपी३एस० असे ते नाव. तिसऱ्या बसवरच्या शून्याव्या खाचेतले ईथरनेट, असा त्याचा अर्थ. याला त्यांनी 'आधी सांगता येणारी नावे' असे म्हटले. हे नाव ज्या मुलांना पाठ करावयास लावाल ती मुले रडतील, पण ते सोडा. नवे कार्ड बसविले की कधी कधी बसचे आकडेच पुढे सरकतात, आणि कालचे ईएनपी३एस० आज ईएनपी४एस० होते. आधी सांगता येणारे नाव असे बदलले, की ज्योतिषी सांगतात ते भविष्य आणि यात फरक काय उरला?

तरीही या लोकांची निंदा मी करणार नाही. मोठ्या कचेरीत एकाच घडणीची शेकडो यंत्रे असतात. एकातले कार्ड बिघडले, ते काढून दुसरे घातले, तर नव्याला जुन्याचेच नाव मिळाले पाहिजे. कारण तेथे काम माणसाचे नसते, खुर्चीचे असते. तलाठी बदलला तरी सज्जा तोच. त्यांना जागेचे नाव हवे होते आणि त्यांनी ते दिले. चूक कोठे झाली? जागेचे नाव हेच सर्वांचे एकमेव नाव, असे घरोघरी रूढ झाले, तेथे.

आणि आता ऐका आमच्या शाळेतली पद्धत. प्रत्येक मुलाला शाळेत तीन खुणा असतात. एक त्याची बाकावरची जागा. ती खिडकीतून ऊन आले तरी बदलते. दुसरी जनरल रजिस्टरचा क्रमांक. तो मुलगा शाळेत आला त्या दिवशी मिळतो, तो शाळा सोडून गेला तरी दाखल्यावर राहतो, आणि त्याच्यामागून आलेल्या दुसऱ्या कोणाला तो कधीही देत नाहीत. तिसरे त्याचे नाव. आईबापांनी ठेवलेले, हाक मारावयाचे, ओळखू येणारे. 'कोठे' याचे उत्तर बाक देतो, 'कोण' याचे उत्तर रजिस्टर देते, आणि 'काय म्हणून हाक मारू' याचे उत्तर नाव देते. या तीन प्रश्नांची गल्लत आमच्या शिपायाचीसुद्धा होत नाही. उपकरणांना नाव देण्याचे जेवढे अपघात मी वर सांगितले, ते सारे या तिहींपैकी एकाकडून दुसऱ्याचे काम करून घेतल्यामुळे झालेले आहेत.

कोणी म्हणेल, रजिस्टरचा क्रमांक संगणकात आहेच. आहे. यूयूआयडी म्हणतात त्याला. १२८ बिटांचा आकडा, लिहावयाचा तर ३२ चिन्हे आणि मध्ये चार आडव्या रेघा. लिनक्स आज डिस्कचे भाग यानेच ओळखते, आणि ते योग्य आहे. पण तो माणसाला दाखवावयाचा नसतो! "बाळ, ३२ चिन्हे नीट जुळवून पाहा आणि मग पुसून टाक," असे मी भिंतीवर लिहू काय? आणखी एक गंमत आहे. अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरविली, की हा जगात एकच असलेला क्रमांकही उतरतो. मग एका क्रमांकाचे दोन विद्यार्थी वर्गात. एक्सएफएस नावाची फाइल सिस्टिम अशा वेळी दुसरीला दारातच अडवते आणि म्हणते, हा क्रमांक आत आलेला आहे. मला तिचे कौतुक वाटते. न समजले तर थांबावे. अंदाजाने आत घेऊ नये. हे शिकवावयास आम्हांला प्रत्येक इयत्तेत एक वर्ष लागते.

यूएसबीच्या उपकरणांचे तर विचारूच नका. १९९६ साली हा नियम ठरला. त्यात करणाऱ्याचा क्रमांक असतो, मालाच्या जातीचा क्रमांक असतो, आणि त्या एका नगाचा स्वतःचा क्रमांक ऐच्छिक असतो. ऐच्छिक म्हटल्यावर स्वस्त माल करणारे तो कशाला घालतील? जन्मदाखला ऐच्छिक ठेवला तर किती जण काढतील? परिणाम असा, की एका खाचेतला प्रिंटर दुसऱ्या खाचेत लावला की यंत्राला तो नवाच वाटतो. एका कचेरीतल्या कारकुनाच्या पडद्यावर मी एकाच प्रिंटरची पाच नावे पाहिली आहेत : मूळ, प्रत १, प्रत २, अशी. टेबलावर प्रिंटर एकच. कारकून बिचारा रोज सकाळी पाचांनाही एकेक कागद पाठवतो, आणि जो बाहेर येईल त्याला आजचा प्रिंटर मानतो. हे अर्थात ऑपरेटिंग सिस्टिमचे पाप नाही. ते माल करणाऱ्यांच्या कंजूषपणाचे पाप आहे. मी न्याय सोडून बोलणार नाही.

आता आकड्यांविषयी. डिस्क ० पासून का मोजावयाच्या? एड्‌स्खर डाइक्स्ट्रा या थोर डच पंडितांनी १९८२ साली एक टिपणच लिहून दाखविले, की गणती शून्यापासून करणे कसे सोयीचे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते सोयीचे आहे, यात मला शंका नाही. आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात. तेव्हा पहिल्याला वेगळे नाव देण्याचे मला वावडे नाही. पण वाचकहो, लाभ म्हटल्यानंतर दुसऱ्या मापाला आमचा मापारी दोनच म्हणतो! तो त्याला एक म्हणाला असता तर शेतकऱ्याने त्याचा हात धरला असता. एक वेळ सगळेच शून्यापासून मोजा, मी गप्प बसेन. परंतु नव्या जातीच्या डिस्कच्या एका भागाचे लिनक्समधले नाव पाहा : एनव्हीएमई०एन१पी१. यातला पहिला आकडा शून्यापासून मोजलेला, पुढचे दोन एकापासून. ग्रब नावाचा यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम पूर्वी डिस्कही शून्यापासून मोजी आणि तिचे भागही शून्यापासून; नवा ग्रब डिस्क शून्यापासून मोजतो आणि भाग एकापासून. एका ओळीत दोन हिशेब! अशा हिशेबाच्या वहीवर मी सही करणार नाही, आणि कोणी वाणीही करणार नाही.

आकडे बदलून घेणे अशक्य आहे असेही नाही. दादर स्टेशन सर्वांच्या ओळखीचे. पश्चिम रेल्वेचा फलाट १ वेगळा आणि मध्य रेल्वेचा फलाट १ वेगळा. नवखा माणूस पुलावर उभा राहून रडकुंडीला येई. "एक नंबरवर ये," या निरोपावर किती जणांची चुकामूक झाली असेल! शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ हे आकडे दिले. चार दिवस लोक कुरकुरले, मग सवय झाली. रेल्वेला जे जमते ते तुम्हांला का जमू नये?

आणि चांगले कधी जमलेच नाही, असेही नाही. १९८५ साली अमिगा नावाचा संगणक निघाला. त्याच्या सिस्टिममध्ये फ्लॉपीच्या खाचेला एक नाव असे आणि फ्लॉपीला तिचे स्वतःचे वेगळे नाव असे. दोन्ही नावांनी काम घेता येई. यंत्राला एखादी फ्लॉपी हवी झाली तर ती तिचे नाव घेऊन सांगे, की अमकी फ्लॉपी कोणत्याही खाचेत घाला, मी ओळखीन. १९८४ सालचा मॅकिंटॉशही फ्लॉपी मागे ती नावाने. डबा कोठल्याही फळीवर ठेवा, चिठ्ठी डब्याच्या अंगावर आहे! चाळीस वर्षांपूर्वी ज्यांना हे कळले होते, त्यांचे शहाणपण घरोघरच्या यंत्रांत का उतरले नाही? माल जास्त खपला तो अक्षरांचा, म्हणून.

डिस्कला आज नाव देता येत नाही काय? येते. पण किती? पेनड्राइव्हच्या नेहमीच्या जुन्या पद्धतीत ११ अक्षरे, तीही रोमन धाटणीची. लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीत १६ बाइट. रोमन अक्षराला १ बाइट लागतो, म्हणून इंग्रजाला १६ अक्षरे मिळतात. देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हे धरली जातात. म्हणजे आपल्या वाट्याला चिन्हे ५. 'शाळा' मावते. 'ओव्या' मावते, १५ बाइट होतात. 'कादंबरी' मावत नाही. 'दिवाळी'सुद्धा मावत नाही! आपल्या मुलाचे नाव पाच चिन्हांत बसवा, असे कोणी नामकरणविधीला येऊन सांगितले असते तर आपण त्याला पेढा दिला असता काय? जगातल्या सगळ्या भाषांना आपापल्या लिपीत नाव ठेवावयाचे असते, हे ज्यांच्या ध्यानात आले नाही, त्यांनी जगासाठी सिस्टिम रचली.

नुसते दोष काढणे सोपे, उपाय सांगा, असे संपादक म्हणतील. सांगते.

पहिले, बाक, रजिस्टर आणि नाव ही तीन घरे वेगळी ठेवा. यंत्राने आपल्या पोटात रजिस्टरचा क्रमांक वापरावा. माणसाला नाव दाखवावे. आणि विचारले तर जागा सांगावी. एकावरून दुसरे बनवू नये. दुसरे, एकदा दिलेला आकडा दुसऱ्याला देऊ नका. जी डिस्क काल १ होती ती आज आली नाही, तर १ चे घर रिकामे राहू द्या. गैरहजर मुलाच्या जागी दुसऱ्याची हजेरी लावत नाहीत. तिसरे, नावाला पुरेशी जागा द्या, आणि ती बाइटांत मोजू नका, माणसाच्या अक्षरांत मोजा. चौथे, माल करणाऱ्याने प्रत्येक नगाला त्याचा क्रमांक द्यावा आणि तोच अंगावर छापावा, म्हणजे पडद्यावरचे आणि हातातले ताडून पाहता येईल. हार्डडिस्कच्या अंगावर तो असतोही, आणि लिनक्स घडण व क्रमांक जोडून बनविलेले नाव ठेवतेही. पण ते आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, जेथे नववीतला मुलगा जात नाही. पाचवे, उपकरणाला हात वर करता आला पाहिजे. मी नाव पुकारले की मुलगा "हजर!" म्हणतो. दोन पडदे जोडले असले तर विंडोजमध्ये 'ओळखा' म्हटल्याबरोबर प्रत्येक पडद्यावर त्याचा आकडा मोठा उमटतो. लिनक्समध्ये जाळ्याच्या कार्डाचा दिवा लुकलुकवता येतो. मग दिवा असलेल्या डिस्कला ते का सांगता येऊ नये?

आणि सहावे, ज्यासाठी मी हा सारा लेख लिहिला. पुसून टाकण्यापूर्वी यंत्राने "नक्की ना?" असे विचारू नये. हा प्रश्न नव्हे, ही जबाबदारी ढकलण्याची युक्ती आहे. त्याने सांगावे : ही अमुक नावाची डिस्क, एवढ्या आकाराची, तिच्यात एवढ्या फाइली आहेत, शेवटची आज सकाळी उघडली होती. पुसावयाची असेल तर तिचे नाव लिहून दाखवा. आकडा नव्हे, नाव. त्या मुलाला 'ओव्या' असे स्वतःच्या हाताने लिहावे लागले असते, तर त्याचा हात थांबला असता. तो निष्काळजी नव्हता. त्याला त्याच आजींनी एकदा गूळशेंगदाणे दिले होते.

कोणी म्हणतील, बाई, एवढे विचारीत बसले तर जाणत्या माणसाचा वेळ जाईल. जाऊ द्या. जाणत्याला हजार यंत्रे मांडावयाची असतील तर त्याच्यासाठी वेगळा मार्ग ठेवा. पाटबंधाऱ्याचे दार उघडण्याची किल्ली ज्याची त्याच्याकडे असते. पण घराच्या नळाला तोच चाप लावू नका. रोज हे यंत्र वापरतात ते कारकून, शिक्षक, दुकानदार, आजोबा आणि मुले. त्यांच्याकडून चूक झाली, की 'वापरणाऱ्याची चूक' असे लिहून कागद बंद करतात. ज्या नावावर विसंबू नये असे रचणारेच म्हणतात, ते नाव त्यांनीच पडद्यावर दाखविले, त्यावर विसंबून एकाने काम केले, आणि गुन्हेगार तो!

मी भिंतीवरचे टिपण काढून नवे लावले आहे. डब्यांप्रमाणे शाळेच्या प्रत्येक डिस्कच्या अंगावर चिठ्ठीही चिकटविली आहे. माझे अक्षर तेवढ्याच कामाचे. मुख्याध्यापकांशी दोनदा बोलून वहीतला तो 'निष्काळजी' शेरा मी खोडून घेतला. मुलगा मात्र अजून संगणकखोलीत येत नाही. दारापर्यंत येतो आणि किल्ली देऊन जातो. शेरा खोडला, तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारले, "मग दोष कोणाच्या नावापुढे लिहायचा, बाई?" एक नाव मी तेथल्या तेथे सांगितले, ते माझे. दुसरे सांगावयाचे राहिले होते, ते येथे लिहिले आहे.